एका जुन्या रंधा मशीनचा इतिहास

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया, तह आणि सनदा उभ्या राहतात. वर्गातही आपण बहुधा त्यांचाच अभ्यास करतो. यात गैर काही नाही. ज्यांचे कागद उरले, त्यांचा इतिहास लिहिणे शक्य झाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. कागदाशिवाय इतिहास नाही, हा धडा महाराष्ट्राने त्यांच्याकडून घेतला.

परंतु ज्यांच्या घरी दप्तरच नाही, त्यांनी काय करावे? सुताराच्या घरी रंधा असतो, पटाशी असते, वाकस, करवत, गुण्या असतो, कागद नसतो. आमच्या घरातील सर्वांत जुना कागद म्हणजे आजोबांच्या नावाचे रेशनकार्ड. त्यामुळे गेल्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी प्रत्येकाला घरातील अथवा परिसरातील एका जुन्या वस्तूचा इतिहास शोधून टिपण लिहिण्यास सांगितले, तेव्हा प्रथम मी गोंधळलो. कोणी तांब्याचा हंडा निवडला, कोणी आजीचे जाते. मी वडिलांच्या शेडमधील रंधा मशीन निवडले. प्रस्तुत लेखात त्या शोधाची हकीगत आणि त्यातून हाती आलेले निष्कर्ष मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

यंत्राची ओळख

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. हातरंध्याने काम करताना लाकूड स्थिर असते आणि पाते त्यावरून पुढे जाते. रंधा मशीनमध्ये याच्या उलट घडते. पाती एका जागी फिरतात आणि लाकूड त्यांच्यावरून ढकलले जाते. एकापुढे एक अशी बिडाची दोन टेबले असतात. दोहोंच्या मधल्या फटीत पोलादाचा एक ठोकळा आडवा बसवलेला असतो. कारागीर त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकवर पाती बोल्टने आवळलेली असतात आणि तो मिनिटाला सुमारे चार हजार फेरे घेतो. ज्या टेबलावरून फळी आत जाते ते किंचित खाली ठेवतात; ते जितके खाली, तितक्या जाडीचा थर निघतो. पलीकडचे टेबल पात्याच्या धारेशी समपातळीत असते, म्हणजे तासलेली बाजू त्यावर नीट टेकते.

फळी हाताने दाबून पुढे सरकवायची असल्यामुळे कारागिराचे हात सदैव पात्यांच्या जवळ असतात. ही गोष्ट वाचकांनी पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

हा विचार तसा जुना आहे. इंग्लंडमध्ये सॅम्युअल बेंथॅम यांनी १७९१ मध्ये रंधाकामाच्या यंत्राचे आणि १७९३ मध्ये लाकूडकामाच्या अनेक यंत्रांचे पेटंट घेतले. हे बेंथॅम म्हणजे राज्यशास्त्राच्या तासाला आपण ज्यांचा उपयुक्ततावाद शिकतो, त्या जेरेमी बेंथॅम यांचे धाकटे बंधू. जेरेमी यांनी योजलेल्या आदर्श तुरुंगात अकुशल कैद्यांकडून काम करवून घ्यावे, हा या यंत्रांमागील एक हेतू होता. १८०२ मध्ये जोसेफ ब्रामा यांनी रंधाकामाचे एक मोठे यंत्र तयार केले. पुढे मार्क ब्रुनेल यांनी रचलेली आणि हेन्री मॉडस्ले यांनी घडवलेली यंत्रे पोर्ट्समथच्या गोदीत बसली. जहाजाच्या दोरखंडांसाठी लागणाऱ्या लाकडी कप्प्या तेथे बनत. १८०८ च्या सुमारास वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या निघू लागल्या, आणि ११० कसबी कारागिरांचे काम १० साधे मजूर करू लागले. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ यांनी १८२८ मध्ये रंधा यंत्राचे पेटंट मिळवले.

कारागिराच्या हातातील कसब यंत्रात घालणे, हा या साऱ्या खटाटोपाचा अर्थ. त्या यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या हाताचे काय, हा प्रश्न बराच नंतर विचारला गेला.

सांगोवांगीची परीक्षा

आमचे यंत्र वडिलांनी १९९८ मध्ये मुंबईस कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणले. पावती नाही. विकणाऱ्याने सांगितले, "रेल्वेच्या कारखान्यातला माल आहे, दीडशे वर्षांचा." तेव्हापासून आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकास हे वाक्य ऐकवले जाते. मीही ते शाळेत अनेकदा सांगितले होते.

टिपणात मी हेच पहिले वाक्य म्हणून लिहिले. प्राध्यापकांनी त्याखाली लाल रेघ ओढून विचारले, "कशावरून?" मी घरी येऊन वडिलांना तेच विचारले. ते म्हणाले, "व्यापारी खोटं कशाला बोलेल?" दुसऱ्या दिवशी प्राध्यापक म्हणाले, "तो खोटे बोलला असे मी म्हणत नाही. पण त्याला हे कोणी सांगितले?"

रेल्वेच्या कारखान्यांत लाकूडकामाची यंत्रे होती, हे खरे. पूर्वी डब्यांचा सांगाडा पुष्कळसा लाकडाचा असे. मुंबईत माटुंगा येथे डबे दुरुस्तीचा कारखाना १९१५ मध्ये सुरू झाला. १९५५ मध्ये पेरांबूर येथे पोलादी डबे बांधणारी इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली आणि पुढे लाकडी डबे मागे पडत गेले. तेव्हा जुनी यंत्रे भंगारात निघाली असणे संभवते. परंतु संभव म्हणजे पुरावा नव्हे. आमच्या यंत्रावर रेल्वेचा एकही शिक्का सापडला नाही. म्हणून ते वाक्य मला खोडावे लागले. घरातील अभिमानाचे वाक्य स्वतःच्या हाताने खोडताना बरे वाटले नाही, हे कबूल करतो.

यंत्र हेच साधन

दा. ध. कोसंबी यांनी जुन्या नाण्यांचा अभ्यास करताना हजारो नाणी स्वतः तोलली. नाणे हाताळले गेले की झिजते, म्हणून वजनातील घट हीच काळाची खूण, असा त्यांचा विचार. लेख नसला तरी वस्तू बोलते, हे मला त्यावरून पटले. मग मी यंत्राचेच एकेक अंग तपासू लागलो.

पहिले साधन म्हणजे नावाची पाटी. पाटीवर कारखान्याचे नाव, गाव आणि क्रमांक असतो. कित्येकदा एकट्या गावावरून काळ ठरतो. उदाहरणार्थ, इंग्लंडमधील ए. रॅन्सम आणि कंपनी ही लाकूडकामाची यंत्रे बनवणारी प्रसिद्ध संस्था लंडनच्या चेल्सी भागात होती. १९०० च्या सुमारास ती नेवार्क या गावी गेली. म्हणून तिच्या यंत्रावर चेल्सी असेल तर ते एकोणिसाव्या शतकातले आणि नेवार्क असेल तर त्यानंतरचे, असे सहज म्हणता येते. आमच्या यंत्रावर मात्र पाटीच्या जागी रिव्हेटची चार भोके तेवढी उरली होती.

मग मी रंगाकडे वळलो. वरचा थर हिरवा, त्याखाली राखाडी, त्याखाली काळा. पायाच्या बाजूस रंगाखाली काही उंचवटे हाताला लागत होते. शिलालेखाचा ठसा कसा घेतात, हे आपण वर्गात शिकलो आहोत. मी पातळ कागद लावून वरून पेन्सिल आडवी फिरवली. बिडात ओतलेली इंग्रजी अक्षरे उमटली : "अँड कंपनी, इंग्लंड". त्याआधीचे नाव नव्हते. पाय कधी तरी तडकला होता आणि तेथे लोखंडी पट्टी बसवताना कोणीतरी अक्षरे घासून टाकली होती. शिलालेखाचा नेमका महत्त्वाचा भाग फुटलेला असतो, असे प्राध्यापक नेहमी म्हणतात. त्याचा अनुभव मला आमच्याच शेडमध्ये आला.

दुसरे साधन नट-बोल्ट. आमच्या गल्लीतील एका निवृत्त फिटरकाकांनी मला आटे मोजायला शिकवले. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचवले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो. अर्धा इंच जाडीच्या व्हिटवर्थ बोल्टवर एका इंचात १२ आटे येतात, तर अमेरिकी पद्धतीच्या बोल्टवर १३. मी बोल्टवर कागद दाबून खुणा उमटवल्या आणि मोजल्या. बारा आल्या. मी आनंदाने "इंग्रजी यंत्र सिद्ध झाले" असे म्हणताच काका हसले. "अरे, आपल्याकडेही मेट्रिक येईपर्यंत हेच आटे पाडत होते." म्हणजे हा पुरावा एकटा पुरेसा नव्हता. ओतीव अक्षरांची जोड मिळाल्यावरच तो उपयोगी पडला.

तिसरे साधन बेअरिंग. आज ब्लॉक बहुधा बॉल बेअरिंगवर फिरतो. आमच्या यंत्रात तो पांढऱ्या धातूच्या बेअरिंगमध्ये फिरत असे. हा मऊ मिश्रधातू वितळवून दांड्याभोवती ओततात आणि वर तेलाची वाटी ठेवतात. अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये या प्रकारच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. बॉल बेअरिंगचा प्रसार होण्यापूर्वी वेगाने फिरणाऱ्या यंत्रांत हीच रीत होती.

चौथे साधन मोटर. तिच्यावरील पाटी शाबूत होती : किर्लोस्कर इलेक्ट्रिक, बंगलोर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी आपल्या परिचयाची आहे. त्याच घराण्याची ही बंगलोरची कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली. तेव्हा मोटर १९४६ नंतरची, हे निश्चित. ती ज्या पत्र्यावर बसवली आहे, त्याचे बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे आहेत. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला. बोल्ट मागाहून बदलले असू शकतात, म्हणून यावर फार भर देता येत नाही. परंतु मोटर ही मूळची नव्हे, याला दुसराही पुरावा मिळाला. यंत्राच्या बाजूस एक निरुपयोगी दांडा आहे. वडिलांना तो कशाचा ते कधी कळले नव्हते. फिटरकाकांनी पाहताक्षणी सांगितले : हा पट्टा सरकवण्याचा दांडा. पूर्वी कारखान्यात छताजवळ एक लांब शाफ्ट फिरत असे आणि त्यावरून चामड्याच्या पट्ट्यांनी सगळी यंत्रे चालत. यंत्र थांबवायचे तर पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवीत. हा दांडा त्या काळाचा अवशेष.

चौकोनी ब्लॉक

पाचवे साधन म्हणजे स्वतः ब्लॉक. हे मी शेवटी तपासले आणि येथे माझ्या टिपणाचे स्वरूप बदलले.

आमच्या यंत्राचा ब्लॉक चौकोनी होता. चार इंच बाजूचा पोलादी चौरस, त्याच्या सपाट बाजूंवर पाती बोल्टने आवळलेली. असे ब्लॉक एकोणिसाव्या शतकात सर्रास असत. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात गोल ब्लॉक प्रचारात आला. त्यात पाती खाचेत बसतात आणि धार जेमतेम एक मिलिमीटर बाहेर राहते. या बदलाचे कारण वेग नव्हे, सफाईही नव्हे. कारण होते कामगारांची बोटे.

हे समजण्यास शाळेतील भूमिती पुरते. चौरस फिरू लागला की त्याचे कोपरे एक वर्तुळ काढतात. चार इंचांच्या चौरसात मध्यापासून कोपरा २.८३ इंचांवर असतो, पण सपाट बाजू मध्यापासून २ इंचांवरच असते. म्हणजे टेबलाची कड आणि ब्लॉकची सपाट बाजू यांच्यामध्ये ०.८३ इंच, सुमारे २१ मिलिमीटर पोकळी राहते. आख्खे बोट मावेल एवढी ही जागा. फिरताना ती डोळ्याला दिसत नाही. ब्लॉक गोल असल्यासारखाच भासतो. हात घसरला तर गोल ब्लॉकवर बहुधा कातडी आणि थोडे मांस जाते. चौकोनी ब्लॉकमध्ये बोट पोकळीत शिरते आणि पेर जाते.

२०११ मध्ये, मी लहान असताना, सागाचा एक आखूड तुकडा तासताना वडिलांच्या डाव्या हाताची दोन बोटे या यंत्रात गेली. प्रत्येकाचे एकेक पेर. सारे म्हणाले, हात चुकला. वडीलही आजवर हेच सांगत आले : "माझं लक्ष नव्हतं." आमच्या घरात या गोष्टीचा दुसरा कोणताही इतिहास नव्हता.

ब्रिटनमध्ये लाकूडकामाच्या यंत्रांविषयी नियम १९२२ मध्ये झाले. हाताने लाकूड सरकवायच्या रंधा यंत्रावर गोल ब्लॉक नसेल तर वरून रंधाकाम करू नये, असा त्यांत स्पष्ट नियम आहे. भारतातही १९४८ च्या फॅक्टरी कायद्याखाली राज्यांनी जे नियम केले, त्यांत हीच अट आली. म्हणजे वडिलांच्या अपघाताच्या वेळी हा धोका जगाला ठाऊक होऊन नव्वद वर्षे होत आली होती. मग तो आम्हांला का ठाऊक नव्हता? त्याचे उत्तरही कायद्यातच आहे. मूळ १९४८ चा कायदा विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा किंवा अधिक कामगार असतील तरच लागू होत असे. आमच्या शेडमध्ये वडील, एक कारागीर आणि एक पोरगा. यंत्र आमच्या दारापर्यंत आले. त्याच्याविषयीचा नियम आला नाही.

मी हे वडिलांना तोंडी सांगितले तेव्हा त्यांना फारसे पटले नाही. मग शेडच्या फरशीवर खडूने चौरस आणि त्याभोवती वर्तुळ काढले. आकृती पाहताच त्यांना सारे कळले; सुताराला भूमिती शिकवावी लागत नाही. त्यांनी मोटरची वायर काढली, गुण्या आणि पट्टी घेतली आणि यंत्रावर स्वतः माप घेतले. "पाऊण इंचाच्या वर आहे," ते म्हणाले. त्या पोकळीत अंगठा धरून पाहिला. तो पुरता मावला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नंतर एवढेच म्हणाले, "म्हणजे नुसता हातच चुकला नव्हता."

निष्कर्ष

एवढ्या साधनांवरून पुढील गोष्टी म्हणता येतात. एक, यंत्राचे धड इंग्लंडमध्ये ओतलेले आहे. दोन, पांढऱ्या धातूचे बेअरिंग, पट्ट्याचा दांडा आणि चौकोनी ब्लॉक ही तिन्ही एकत्र पाहता त्याची रचना १९२२ पूर्वीच्या काळातली आहे. तीन, १९४६ नंतर केव्हा तरी शाफ्टवरून काढून त्याला मोटर जोडली गेली. चार, रेल्वेची कथा शक्य आहे, सिद्ध नाही. पुरातत्त्वज्ञ ज्याप्रमाणे मातीचे थर वाचतो, त्याप्रमाणे एका यंत्रात हे थर एकावर एक बसलेले आढळले.

यानंतर एक पेच उभा राहिला. चौकोनी ब्लॉक हा या यंत्राचा सर्वांत बोलका पुरावा. तो काढून गोल ब्लॉक बसवला तर अस्सल साधनात हात घातल्यासारखे होईल. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला तो जागच्या जागी जपावासा वाटत होता. परंतु त्या यंत्रावर रोज वडील आणि तो पोरगा काम करतात. साधन जपायचे की बोटे, याला दोन उत्तरे असूच शकत नाहीत. मी ब्लॉकची सर्व मापे घेतली, आकृती काढली, चारही बाजूंनी फोटो घेतले आणि मगच वडिलांनी तो उतरवला. आता तेथे बॉल बेअरिंगवर फिरणारा गोल ब्लॉक आहे. त्यावर गार्ड आला आहे, आणि आखूड तुकडा पुढे सारण्यासाठी लाकडी ढकलणी केली आहे. गोल ब्लॉकही बोट कापतोच, म्हणून गार्ड आणि ढकलणी यांना पर्याय नाही. जुना ब्लॉक तेल लावून आमच्या विभागाच्या कपाटात ठेवला आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य पाहावा. मात्र दोन्ही हातांनी उचलावा, तो बराच जड आहे.

या अभ्यासापूर्वी मला वाटत असे की जुनी वस्तू जितकी जुनी, तितका तिचा मान मोठा. म्हणून "दीडशे वर्षे" या शब्दांचे मला अप्रूप होते. आता वाटते, वस्तूचे वय काढणे ही केवळ पहिली पायरी. ती कोणासाठी घडली, कोणाच्या हाती आली आणि तिच्याबरोबर काय आले नाही, हे विचारले तर त्या हातांचाही इतिहास सापडतो. आपल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी दप्तर नाही. पण शिलाई मशीन असेल, पिठाची गिरणी असेल, उसाचा चरक असेल, लोहाराचा भाता असेल. त्यांची पाटी हरवली असेल, अक्षरे घासली गेली असतील. तरीही एक कागद आणि पेन्सिल घेऊन त्यांच्यापाशी बसावे, आणि ऐकलेल्या प्रत्येक वाक्याला एकदा तरी विचारावे : कशावरून?